पांढरीवरची दोरी

मंजुळाबाईची शाळा चौथीपर्यंतची, पण गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड तिला तोंडपाठ होतं. भडगाव तालुक्यातल्या तिच्या गिरणाकाठच्या गावात अजून बरीच घरं धाब्याची आहेत, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेली. पावसाळ्याआधी बायका धाब्यावरची भेगाळलेली माती खरवडतात आणि पांढरीच्या टेकाडावरून नवी खारी माती आणून अंथरतात. रीत अशी की पांढरीवर रिकामी पाटी न्यायची नाही. जाताना जुनी माती न्यायची, मागच्या साली केलेल्या खड्ड्यात ओतायची आणि मग शेजारी नवा खड्डा करायचा. मंजुळाबाई सून होऊन आली तेव्हापासून, पंचेचाळीस वर्षं, हेच करत आली होती.

त्या टेकाडाच्या पोटात तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे, हे तिला यंदा कळलं. मोठ्या शहरातल्या एका संस्थेचं पथक आलं. त्यांनी टेकाडाच्या मावळतीच्या अंगाला दोरी ताणली आणि फलक लावला : ‘आपला वारसा, आपला सहभाग’. सहभाग म्हणजे काय, तर गावकऱ्यांनी घमेली वाहायची, पाणी आणायचं आणि फोटोत हसायचं!

पहिल्याच सकाळी मंजुळाबाई दोरीपाशी जाऊन उभी राहिली. “सायेब, तठे नका खंदू. ती जागा आम्हीच भरेल शे.” त्या अंगाचे खड्डे बायकांनीच वर्षानुवर्षं जुनी माती ओतून भरले होते.

पथकाच्या प्रमुखांना सगळे ‘सर’ म्हणत. ते वरही न बघता म्हणाले, “आजी, दोरीच्या बाहेर.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी सरांनी सरपंच अभिमन आबांना निरोप दिला की बायकांना जरा लांब ठेवा, शास्त्रीय काम चाललंय.

शास्त्रीय काम बारा दिवस चाललं. काळ्या नक्षीच्या लाल खापरांखाली हिरव्या काचेच्या बांगड्या निघाल्या. बांगड्यांखाली पुन्हा जुनी खापरं, आणि त्यांच्याही खाली चपलेचा निळा पट्टा. सर तो चिमट्यात धरून फिरवून फिरवून बघत होते, तेवढ्यात दोरीबाहेरून शेजारची सुगंधाबाई ओरडली, “मंजुळाबाई, तो मन्ही चप्पलना पट्टा शे ना वं?”

“तुन्हाच शे. आते म्युझियममा जाई तो!”

बायका खदखदून हसल्या. सर हसले नाहीत.

पथकात ज्योत्स्ना नावाची चोपड्याची विद्यार्थिनी होती. समारोपाच्या सकाळी ती मंजुळाबाईच्या ओट्यावर येऊन खाली मान घालून म्हणाली, “अक्का, सरांनी अहवालात लिहिलंय की स्थानिकांनी उकरून उकरून टेकाड नासवलं, पुढे खोदण्यात अर्थ नाही. सरपंच म्हणतात, मग सोमवारी जेसीबी लावू आणि गोदामासाठी जागा सपाट करू.”

मंजुळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नासवलं? टेकाडाच्या उगवतीला निंबाखाली एकदा तिच्या सासूची, लताबाईची कुदळ मडक्याला लागली होती. मडक्यात तान्ह्या लेकराची हाडं होती, बोटाएवढाली. सासूने ते मडकं तसंच झाकलं, हात जोडले आणि बजावलं, इथे कुणी कुदळ घालायची नाही. पुढे चाळीस वर्षं मंजुळाबाईने गावात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला तिथून मागे फिरवलं. ना दोरी होती, ना फलक. आणि नासवणाऱ्या कोण, तर ह्याच बायका! आता जेसीबी आला की ते मडकंही चिरडणार होतं.

शाळेच्या व्हरांड्यात समारोप झाला. ‘लोकसहभागाबद्दल’ मंजुळाबाईचं नाव पुकारलं. सर शाल-नारळ घेऊन पुढे आले. तिने हात पुढे केलाच नाही.

“माले नारय नको. पह्यला दिनपाईन सांगी ऱ्हायनी मी, ती माती भरेल शे. कोनी इचारं का?”

“मंजुळाअक्का, बस ना. पाहुणा शेत त्या,” आबा कुजबुजले.

“पाहुणासले ऐकू येत नही का, आबा?”

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “आजी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो...”

“भावना नही, जागा दखाडस मी. निंबाखाले. पन दोरी मी धरसू. आनि तुमना कागदवर आमना नावे लिखा. आम्ही कोठे खंदं, कोठे नही, बठ्ठं लिखा.”

सरांनी घड्याळ बघितलं. गाडी निघायची वेळ झाली होती. तेवढ्यात ज्योत्स्ना उठली, कोपऱ्यातलं दोरीचं भेंडोळं उचललं आणि मंजुळाबाईच्या हातात दिलं. सुगंधाबाई तिच्यामागे निघाली, मग बाकीच्या बायका निघाल्या. बारा दिवस लोकसहभागावर बोलणाऱ्या माणसाला एवढ्या लोकांना ‘नाही’ म्हणणं जमलं नाही.

निंबाखाली दोन हात लांब, दोन हात रुंद चौकोन आखला. दुपार कलायच्या आत मडक्याचा काठ उघडा झाला. सर गुडघ्यांवर बसले. कुंचल्याने माती सारत हळूच म्हणाले, “हा थर त्या जुन्या गावाचाच. कुणी हलवलेला नाही.” अहवालाचा कागद त्यांनी खिशातून काढला आणि ज्योत्स्नाला दिला. “हे खोडा. अक्का सांगतील तसं लिहा.”

आबा बाजूला जाऊन फोनवर बोलत होते. “सोमवारनं जेसीबीनं राहू दे. नही, पुढे बी नही.”

मंजुळाबाईने हात जोडले, अगदी सासूने जोडले होते तसे. मग सरांनी कॅमेरा सरसावला आणि सवयीने बोलून गेले, “आजी, जरा दोरीच्या बाहेर. फोटो घ्यायचाय.”

ती हलली नाही. “मी आठेच शे. काढ फोटो.”

त्या फोटोत मडक्याच्या काठाशेजारी मातीने माखलेली दोन अनवाणी पावलं आली आहेत. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे.