साहेबाची मोटार आणि बैलाची शेपटी

बैलाच्या शेपटीची चव कशी असते हे मला माहीत आहे. शेण, मूत, माती आणि केस. चार दिवस मी लिंबाच्या काडीनं दात घासत होतो, तरी भाकरीचा घास तोंडाशी नेला की तीच चव यायची. वाचताना कुणाला किळस येत असेल तर येऊ द्या. माझीही अजून गेलेली नाही.

याला कारण एक इंग्रज साहेब. शाळेचं कपाट आवरताना मला मुखपृष्ठ फाटलेलं एक जुनं मासिक सापडलं होतं. त्यात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका मोटारशर्यतवाल्याचं चरित्र होतं. बाप सूतगिरणीचा मालक, पोराला वेगाचं वेड. लाइट गेलेल्या दुपारी घरातली सगळी माणसं ओसरीवर जमली की मी त्याची गोष्ट सांगायचो. आपल्या आजोबांचा कापूस त्याच्याच बापाच्या गिरणीत गेला असणार, तेव्हा त्या मोटारीत एखादा नटबोल्ट आपलाही आहे, असं मी ठोकून द्यायचो. वळणावर मोटार उलटते, साहेबाचा हात मोडतो आणि महिन्याभरात हात गळ्यात बांधून तो पुन्हा शर्यतीला उभा राहतो. इथं मी टॉवेलची झोळी करून हात अडकवून दाखवायचो. ऐकणारे जांभया द्यायचे, पण मला थांबवायचं नाही कुणी.

मधे बंद पडलेले बैलांचे पट, म्हणजे छकड्यांच्या शर्यती, पुन्हा सुरू झाले आणि मेहुणा साखऱ्याहून आला. त्याच्या पळत्या जोडीतला एक बैल लंगडत होता. त्याच्या जागी मेहुण्याला आमचा पांढरा बैल हवा होता.

तो म्हणाला, "दाजी, साहेबाच्या गोष्टी किती दिस सांगून राहिले? एकदा छकड्यावर बसून दाखवा की."

"माझं वजन बघितलंस का?"

"बघितलं. पण तुमचा बैल परक्या हाताला ऐकत न्हाई, मी काय करू?"

बैल माझा नव्हता, बायकोचा होता. आठ दिवसांचा असताना त्याची आई मेली. बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ती गोठ्यात जाऊन त्याची मान खाजवून आली. मग म्हणाली, "न्या. पण खिळ्याची तुतारी टोचायची न्हाई, आन् शेपटी चावायची न्हाई. लेकरू हाय ते माझं."

"व्हय, बराबर," मी म्हणालो.

पटाच्या दिवशी मी डोळ्यांना फवारणीचा चष्मा लावला. साहेबाचा असाच असायचा. लोक हसले. मला वाटलं, कौतुकानं हसतायत.

जोडी सुटली. निम्म्या वाटेपर्यंत आम्ही पुढं होतो. मग शेजारची जोडी बरोबरीला आली, मान पुढं काढू लागली. ती हाकणारा धुरकरी वाकला होता आणि त्याच्या तोंडात शेपटी होती. तुतारी मी खरंच नेली नव्हती. हात कासऱ्यात गुंतलेले. तोंड तेवढं मोकळं होतं.

बैल ओरडला. तो तसा कधी ओरडला नव्हता. आणि पळाला.

आमचा दुसरा नंबर आला. बक्षीस कूलर. फेटा बांधून माझा फोटो काढला, त्यात मी तोंड मिटून उभा आहे, कारण दातात केस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बैल धुवायला बसली. "शेपटीला काय झालं ओ?"

"चाकात अडकली."

तिनं रक्त पुसलं आणि जखम नीट पाहिली. दातांची ओळ उमटली होती, मधे एक जागा कोरी. माझा पुढचा एक दात केव्हाच पडलेला आहे.

"हसा बरं जरा," ती म्हणाली.

मी हसलो नाही. तिनं जखमेवर हळद दाबली. उन्हाळाभर कूलर चालला, ती त्याच्या वाऱ्याला एकदाही बसली नाही. मलाही त्याच्या ओल्या वाळ्याला गोठ्याचाच वास यायचा.

त्या उन्हाळ्यात मी ते मासिक पुन्हा काढलं. मोटारीत साहेबाच्या शेजारी मेकॅनिक बसायचा. हातानं पंप मारायचा, मागून कोण येतंय ते सांगायचा. माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. वळणावर मोटार उलटली तेव्हा तो जागीच मेला. चरित्रात त्याला एकच ओळ होती. गोष्ट रखडते म्हणून मी तीही गाळत आलो होतो, आणि टॉवेलची झोळी करून दाखवत होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर जो जू ठेवतो, त्यानंच हे करायचं असतं. मी वाटी घेऊन गेलो. शेपटीची जखम भरून तिथं बिनकेसांचा पट्टा राहिला होता. मी जवळ जाताच पांढऱ्यानं मान वळवली नाही, शिंगं उगारली नाहीत. फक्त शेपटी मागच्या पायांत घट्ट दाबून घेतली आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. मी एक पाऊल मागं आलो, तरी त्यानं ती सोडली नाही.

बायकोनं माझ्या हातातून वाटी घेतली. खांदा मळत त्याच्या कानाशी म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी जा, कूलरपुढं बसा."