सुमनताईंना न पटलेला शेवट

सुमनताई पाष्टे माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. शाळा सुटली होती, मी वह्या आवरत होते. दारात पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या एक बाई उभ्या होत्या. बोटं निळी झालेली. उल्हासनगरात कॅम्प चारच्या एका कारखान्यात शिवून आलेल्या जीन्सचे सुटे धागे त्या कापायच्या, हे मला नंतर कळलं. हातात वाचनालयाचा शिक्का मारलेलं माझंच पुस्तक होतं.

"तुम्हीच लिहिलंय ना हे?"

"हो."

"शेवटची गोष्ट चुकलीय."

तो माझा एकुलता एक कथासंग्रह. विचित्र, वाचणाऱ्याला अस्वस्थ करून सोडणाऱ्या गोष्टी. शाळेतली मैत्रीण म्हणाली होती, "तुझ्याकडे बघून वाटत नाही गं." बदलापूरच्या एका कार्यक्रमात कुणी गृहस्थ उठून म्हणाले होते की, शेवटच्या गोष्टीने अंगावर काटा आला. मी खूश होते. त्या गोष्टीत एक माणूस कामावरून घरी येतो. चेहरा तोच, आवाज तोच, पण बायकोला कळतं की हा आपला नवरा नव्हे. काही दिवस ती त्याला जेवायला वाढते आणि एका दुपारी बाहेरून कडी लावून निघून जाते.

"अशी जाईलच कशी ती?" सुमनताई म्हणाल्या. "असं नसतं, मॅडम. माझ्या घरात आहे ना तसा माणूस. चला, दाखवते."

मी गेले. बुवापाड्यातली एक खोली, भिंतीला लागून पलंग, पलंगावर इस्त्रीचा शर्ट घातलेले पाष्टे. सहा वर्षांपूर्वी कंपनीत विषारी वायूची गळती झाली, तेव्हा ते आत होते. महिनाभर इस्पितळात राहून शरीर सुधारलं, पण मागचं सगळं पुसलं गेलं. मला बघून ते अदबीने उठले. "बसा. या बाई चहा चांगला करतात."

"ऐकलंत?" स्टोव्ह पेटवता पेटवता सुमनताई म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी 'या बाई'." आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यानंतर त्या अधूनमधून शाळेत यायच्या. खुर्चीच्या अगदी कडेला टेकायच्या आणि माझ्या गोष्टींतल्या माणसांविषयी शेजारपाजारच्यांविषयी बोलावं तसं बोलायच्या. पडक्या विहिरीतून हाका येतात, अशी माझी एक गोष्ट होती. ती वाचून लोकांनी घाबरल्याचं कळवलं होतं. सुमनताईंना ते पटेना. "त्यात घाबरायचं काय? आवाज येतोय म्हणजे आत कुणीतरी आहे. आवाज येत नाही ना, तिथे घाबरायचं." पटलं नाही की, "लिहायला काय जातंय!" एवढं म्हणून विषय बंद.

एकदा भर दुपारी आल्या. कामावर गेल्या नव्हत्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मॅडम, काल मी लावली कडी. तुमच्या त्या बाईसारखी."

"मग?"

"बदलापूरला बहिणीकडे जायला निघाले. रिक्षा स्टँडवर बसले. एक रिक्षा गेली, दुसरी गेली. तीन तास बसून परत आले. कडी काढली. ते तसेच बसलेले. म्हणतात, 'बाई, आज लवकर आलात.'" त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "मी गेले काय नि राहिले काय, त्यांना सारखंच. तेवढा शेवट बदला, मॅडम. पुढच्या छपाईत तिला परत आणा."

"परत येऊन ती काय करेल?"

"भात लावेल. अजून काय?"

मी प्रकाशकांना विचारलं. आहेत त्याच प्रती खपत नाहीत, म्हणाले. सुमनताईंना मी ते सांगितलं नाही. "बदलते," एवढंच म्हणाले.

पुढे त्यांना कावीळ झाली. कामावर खाडा नको म्हणून त्यांनी ती अंगावर काढली. इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता. आठवड्यात सगळं संपलं. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

त्या रविवारी मी नवा शेवट लिहिला आणि बुवापाड्यात गेले. कुणासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. शब्द दिला होता. सुमनताईंची बहीण पाष्ट्यांचे कपडे पिशवीत भरत होती. बदलापूरला नेणार होती त्यांना.

मी पाष्ट्यांसमोर बसून पूर्ण गोष्ट वाचली. आता ती बाई परत येते, कडी काढते, तांदूळ धुऊन चुलीवर ठेवते. पाष्टे हात गुडघ्यांवर ठेवून लक्ष देऊन ऐकत होते.

"कशी वाटली?" मी विचारलं.

त्यांनी बराच विचार केला.

"चांगली आहे. पण ती बाई परक्या माणसाकडे का राबते? तिला स्वतःचं घर नाही का?" मग अगदी कळवळून म्हणाले, "जायला पाहिजे होतं हो तिने."

बहिणीचे हात पिशवीतच थांबले. मी कागद मिटला.