आक्कांची लाल खिडकी

आमच्या इस्पितळाच्या संगणक विभागात आक्का एकवीस वर्षं होत्या आणि त्यातली सोळा वर्षं माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचा हक्क मलाच, असं कुणालाही वाटेल. तो हक्क मी कसा घालवला तेच सांगायला बसलोय. लिहिताना डोकं तापलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

आक्का ठेंगण्या, चष्म्याच्या काचा जाड, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे रुग्णांच्या भेटीच्या वेळा सांभाळणारं मशीन होतं. ते टर्मिनलवर चालतं, म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ लिहून एन्टर दाबलं की मशीन मुकाट्याने ऐकतं. चुकीचं सांगितलं तरी मुकाट्याने ऐकतं.

मशीनं दोन. एक खरं, ज्यात माणसांच्या वेळा. दुसरं सरावाचं, ज्यात नव्या कारकुनांना शिकवायला खोटी नावं भरलेली. दर बुधवारी सरावाची यादी पुसून नवी भरायची. दोन्ही खिडक्या एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी, दिसायला जुळ्या बहिणी. पुसायचा हुकूमही दोन्हीकडे तोच.

आक्कांचे यजमान शिंपी. कापडाची कात्री कुणी कागदाला लावली तर ती बोथट होते, म्हणून त्यांनी कापडाच्या कात्रीला लाल दोरा बांधला होता. आक्कांनी तो दोरा ऑफिसात आणला. खऱ्या मशीनची खिडकी लालभडक, सरावाची हिरवी. अक्षरं बोटाच्या पेराएवढी. लांबलचक हुकुमांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती: बघायचं तर 'बघ', प्रत काढायची तर 'जप', यादी पुसायची तर 'धू'. आणि लाल खिडकीत चुकून 'धू' लिहिलं तर पडद्यावर यायचं, 'हे खरं मशीन आहे. आधी पाणी पिऊन ये.' पुढे 'प्यायले' असं लिहिल्याशिवाय मशीन हलायचं नाही. हे सगळं इंग्रजी अक्षरांत, कारण त्या खिडकीत आपल्या काना-मात्रा फुटतात. तो निरोप आला की आक्का खरंच उठून पाणी पिऊन यायच्या. आम्ही हसायचो. सोळा वर्षांत त्यांच्या हातून एक नाव इकडचं तिकडे झालं नाही, त्याचं मात्र आम्हाला कधी काही वाटलं नाही.

मग नवे साहेब आले. कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टापटिपीचा भारी सोस. पाहणीला वरून मंडळी येणार होती. साहेब आक्कांच्या पडद्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हे काय, जत्रा भरलीय का? सगळ्यांचे पडदे एकसारखे पाहिजेत. काळं पांढरं, बास."

आक्का तेव्हा दोन दिवस रजेवर होत्या, यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. काम माझ्यावर आलं. मी त्यांची सेटिंगची फाइल उघडली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. रंग, नावं आणि पाण्याचा निरोप, सगळं त्यातच आहे हे पाहिलं. एक प्रत माझ्याकडे ठेवली आणि मूळ फाइल उडवली. साहेबांना 'झालं' म्हणून कळवलं. एक फोन आक्कांना करायला काय माझी बोटं झिजणार होती?

मंगळवारी त्या आल्या, पडद्याकडे पाहत उभ्याच राहिल्या.

"माझी खिडकी कुठे गेली रे?"

"साहेबांनी सांगितलं, आक्का. पाहणी होऊ द्या, आठवड्याने परत टाकून देतो."

"आठवडाभर मी काम कशावर करू?"

"काळजी घेऊन करा," मी म्हणालो. मी, त्यांना. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसरा दिवस बुधवार. 'धू' उरलं नव्हतं, म्हणून आक्कांनी पूर्ण हुकूम आठवून टाइप केला, बारीक अक्षरांत, काळ्या खिडकीत. ती डावी होती, खऱ्या मशीनची. सरावाची उजवी. पाणी पिऊन ये म्हणायला कुणी नव्हतं.

आदल्या दिवसापर्यंतच्या वेळा दुपारपर्यंत प्रतीतून परत आणता आल्या. त्या सकाळी नोंदलेली त्रेसष्ट नावं मात्र गेली ती गेलीच. आक्का वही घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या. येईल त्याला विचारत होत्या, आज सकाळी नाव नोंदवलंत का, कोणत्या डॉक्टरांकडे, किती वाजता. लोक वाट्टेल ते बोलले. पायाला प्लास्टर घातलेल्या मुलीला कडेवर घेतलेली एक बाई तर अंगावरच धावून आली. आक्कांनी तिचंही नाव लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न नावं जमली होती.

चौकशी बसली. निवृत्तीला चौदा महिने उरलेले, आणि आक्कांना एकच गोष्ट हवी होती: त्याच खुर्चीवरून, कपाळावर डाग न घेता घरी जायचं. साहेब म्हणाले, "हुकुमावर नाव त्यांचंच आहे." ते खरंच होतं. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "पडद्याचा रंग बदलला म्हणून हुकूम बदलतो का?"

"नाही," मी म्हणालो.

तेही खरंच होतं. फाइलमध्ये रंगाबरोबर आणखी काय होतं, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला साहेबांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, एवढंच. दुसरं कारण शोधून सापडत नाही. आक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्या समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

त्यांना खाली नाव नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. काचेत भोक, भोकातून माणसांची तोंडं.

महिन्याभराने साहेबांचं पत्रक निघालं. 'सुरक्षेसाठी यापुढे खऱ्या मशीनची खिडकी लाल रंगाची असावी.' खाली त्यांची झोकदार सही. वरून शाबासकीही आली. ते पत्रक वाचून माझं डोकं असं फिरलं की कागद चुरगाळून टोपलीत टाकला, आणि मग निमूटपणे उचलून सरळ केला, कारण अंमलबजावणी माझ्याकडेच होती. नवीन काही लिहायला बसलो नाही. आक्कांची फाइल काढली आणि जशीच्या तशी सगळ्यांच्या मशीनवर टाकली. साहेब म्हणाले, "छान केलंत." मी मान हलवली. म्हणजे तेव्हाही गप्पच.

परवा बुधवार होता; सरावाची यादी आता मीच पुसतो. दोन फोन वाजत होते, साहेब दारात उभे राहून कसला तरी तक्ता मागत होते. मी घाईत 'धू' लिहिलं, एन्टर दाबलं. खिडकी लाल होती. पडद्यावर आलं, 'हे खरं मशीन आहे. आधी पाणी पिऊन ये.'

साहेब बोलत होते, त्यांना तसंच सोडून मी उठलो आणि खाली गेलो. पिण्याच्या पाण्याचा नळ नोंदणीच्या खिडकीला लागूनच आहे. पेला भरला आणि न पिताच हातात धरला. रांग बाजूला सारून मी काचेशी गेलो.

"आक्का, आज मी खऱ्या मशीनवर 'धू' लिहिलं होतं."

त्यांनी मान वर केली. "मग? थांबलास?"

"थांबलो."

"मीही थांबले असते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.