घाटावरचे माजी आमदार

निघोज्याच्या घाटावर कुणाचाही दशक्रिया विधी असो, हे माजी आमदार कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांच्या आधी हजर. निवडून आले एकदाच, त्यालाही जमाना लोटला. पण बोलण्याआधी माइकवर टिचकी मारायची सवय काही सुटली नाही.

माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला ते श्रद्धांजली वाहायला उठले. चुलत्यांवर एक वाक्य बोलले आणि थेट विधानसभेत शिरले. चाकणचा रस्ता मीच आणला, कंपन्या मीच आणल्या, सभागृहात मी असा कडाडलो! तिकडे पिंडाला कावळा शिवेना. जनरल शिफ्टची पोरं घड्याळं बघत होती, पण कावळा शिवल्याशिवाय उठणार कसं? साहेबांचीही एक नजर कावळ्यावरच होती. शेवटी कावळ्यानं चोच मारली आणि साहेबांचं वाक्य अर्धवट असतानाच सगळा घाट उठला.

हिरमुसलेले साहेब माझ्याशेजारी चपला शोधू लागले.

"सभेतनं लोक कवाबी उठून जात्यात, भाऊ," ते म्हणाले. "हितं निदान कावळा येईस्तवर तरी कुणी हालत न्हाई."

मला त्यांची कीव आली. इतक्यात, भावाच्या जाण्यानं खचलेले माझे वडील काठी टेकत आमच्याकडे आले आणि थांबून खोकू लागले. खोकला बराच वेळ थांबेना.

साहेबांचा चेहरा खुलला. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी मोठ्या जिव्हाळ्यानं विचारलं,

"दादांची तब्येत कशी असती अलीकडं?"