रुमालावरची परदेशी धूळ

धूळ पुसायला माणसं रुमाल बाळगतात. आमचे भूगोलाचे सर ती पकडायला बाळगत. सुलतानपुरात रोज सकाळी ते स्कूटरच्या सीटवरून पांढरा रुमाल फिरवायचे आणि चष्म्यापाशी नेऊन निरखायचे. काळपट धूळ म्हणजे आपल्याच शेताची. पिठासारखी बारीक, फिकट पिवळी आली की स्वारी खूश. ही अरबस्तानच्या वाळवंटातून समुद्र ओलांडून आली, असं ते पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं सांगत. गावानं त्यांना धूळसर म्हणायला सुरुवात केली, आणि त्यांनी ते आनंदानं चालवून घेतलं.

अरबी समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की सरांचा वर्ग पारावर भरे. "वादळाले ओली, गरम हवा लागते," ते समजावत. "त्यात वाळवंटाची कोरडी हवा घुसली का ढग आतूनच सुकतात. वरून धुळीनं ऊन अडवलं का समुद्रही पुरता तापत नाई." मग प्रामाणिकपणे पुस्ती जोडत, की कधी कधी हीच धूळ थेंब धरायला मदतही करते, तेव्हा फार शहाणपणा करू नये. ही पुस्ती कोणी लक्षात ठेवत नसे. सरसुद्धा.

मी त्यांचाच विद्यार्थी, पुढे शेती धरली. एका मे महिन्यात उपटलेला भुईमूग शेतात वाळत होता आणि वादळ उठलं. त्या शेंगांत माझं पुढचं बियाणं होतं, घरचं वर्षाचं तेल होतं. सर पिवळा झालेला रुमाल नाचवत आले. "काऊन घाबरून राह्यला बे? ते समुद्रातच मरते." मी ताडपत्रीची घडी घालून ठेवली.

वादळ खरंच समुद्रात विरलं. पण त्याच संध्याकाळी आमच्या शिवारावर वळवाचा पाऊस कोसळला. त्याचा त्या वादळाशी काडीचा संबंध नव्हता. सकाळी पाहतो तर शेंगा चिखलात, आणि सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या वेचतायत. मला इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे पाठ करून वेचायला बसलो. तेच म्हणाले, "समुद्रावरचं पाह्यत राह्यलो, डोक्यावरचं पाह्यलंच नाई." अर्ध्या शेंगा काळ्या पडल्या. सर तीन दिवस येत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी मीच घरून त्यांच्यासाठी चहा नेला.

पुढे ते मुलीकडे पुण्याला गेले. वादळाची बातमी आली की त्यांचा फोन ठरलेला. रुमालाचा विषय मागाहून, आधी एकच प्रश्न, "ताडपत्री टाकली का बे?" टाकली म्हटल्यावरच धुळीचा रंग विचारत.

गेल्या हिवाळ्यात सर वारले. या मे महिन्यात पुन्हा वादळ उठलं. मी शेंगांवर ताडपत्री ओढली, कडेनं दगड ठेवले, मग मोटारसायकलच्या सीटवरून रुमाल फिरवला आणि सवयीनं फोनची वाट पाहत बसलो. सरांची फार आठवण आली. ताडपत्री टाकलेली होती, धूळ पिवळी होती. विचारणारं तेवढं कोणी नव्हतं.