उन्हातली अक्का

सुई दिसायच्या आधीच ती बोट पुढं करायची. "टोचा बाई, रगात हाय अजून," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

कारवारकडच्या जंगलात, कुंभारवाडा गावाच्या बाजूला एका लहानशा आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. तिथं ती साखर तपासायला यायची. रोपवाटिकेत मजुरी, घरी थोडी भातशेती. मी तिला अक्का म्हणायचे. तिचा आवाज असा, की तापानं फणफणलेलं पोरही रडायचं थांबून तिच्याकडे बघायचं.

एकदा बेंगळुरूहून डॉक्टरांचं पथक आलं. कुणबी, सिद्दी आणि रामनगरकडचे व्यापारी, अशा तिन्ही समाजांच्या रक्तात ड जीवनसत्त्व किती आहे आणि त्याचा साखरेशी काही संबंध लागतो का, हे त्यांना बघायचं होतं. अक्का सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातली. तिनं घरोघर फिरून आपल्या वाडीतली माणसं गोळा करून आणली.

तिचं 'ड' फारच कमी निघालं. ते उन्हानं कातडीत तयार होतं, असं मी सांगितलं तर ती खदखदून हसली. "दिसभर उन्हातच तर असतोय की आमी!"

पथकातली तरुण डॉक्टरबाई समजावू लागली. कमी तर सगळ्यांचंच निघालंय, पण रंग काळा असला की तेवढ्याच उन्हात ते आणखी कमी तयार होतं. अक्काचं हसू ओसरलं. तिनं आपला हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे ऊनबी आमच्या वाटणीला कमीच?"

डॉक्टरबाईनं यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

दर आठवड्याला 'ड'ची एक पुडी दुधातून घ्यायची होती. अक्कानं एकदाही चुकवली नाही. साखरेच्या गोळ्याही चालूच होत्या. पुढच्या तपासणीत 'ड' वर आलं. साखर होती तिथंच.

"ते चढलं, मग ही का न्हाई उतरत?"

मी डॉक्टरबाईला फोन लावला. ती म्हणाली, दोन्ही एकत्र बिघडलेली दिसतात, पण एक सुधारलं म्हणून दुसरं सुधारेलच, असं खात्रीनं सांगता येत नाही. आता हे अक्काला कसं सांगायचं? मी आपलं म्हटलं, "भात कमी करा अक्का."

"मग खाऊ काय?" भांडणाच्या सुरात नाही, तिनं खरंच विचारलं. माझ्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?

त्या पावसाळ्यात तिच्या पायात काटा मोडला. साखरेनं पाय सुन्न झालेले, तिला कळलंच नाही. पुढं झाडं पडून रस्ता बंद, बस बंद. केंद्रात आली तेव्हा जखमेला वास येत होता. मी ती धुतली, जीप मिळवून तिला कारवारला पाठवलं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

ती घरी परतली त्याच आठवड्यात, सुन्न पायांसाठी मी पावसाळ्याआधीच तिच्या नावानं मागवलेली मऊ तळव्याची चप्पल आली. घेऊन गेले खरी, पण पिशवीतून काढवेना. तिनंच काढली. उजवी पायात घातली. "लई मऊ हाय वो," म्हणाली आणि डावी माझ्या हातात दिली.

दिवाळीआधी ती गेली.

केंद्रात साफसफाई निघाली की कपाटावरची ती डावी चप्पल मी खाली घेते, पुसते आणि परत वर ठेवते.