नुजहतचं जुनं गाणं

खोटं बोलायची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, गोरखनं सोयीस्कर लपवलं. नुजहतच्या आयुष्यात दोन मोठे प्रसंग घडले आणि दोन्ही वेळा मी तिथंच होतो. पहिल्या वेळी तोंड मिटून बसलो, त्यामुळं सगळं नीट झालं. दुसऱ्या वेळी तोंड उघडलं.

नसरापूर फाट्यावर माझं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. चौदा वर्षांपूर्वी एका भर दुपारी भोरहून पुण्याला जाणारी एसटी थांबली आणि हातात पिशवी घेतलेली एक पोरगी उतरली. लग्नाची मेंदी नखांवर अजून शिल्लक होती. कंडक्टर दारातून ओरडत होता, "ओ ताई, तुमचं तिकीट स्वारगेटचं हाय!" पोरगी मागं वळलीसुद्धा नाही. माझ्या दुकानापुढं एक स्पीकरचा खोका पडला होता, त्यावर येऊन बसली. मी चहा दिला, तो प्यायली. तासाभरानं तिनं विचारलं, "भोरला जाणारी गाडी कुठं थांबते?" मी समोर बोट दाखवलं. ती गेली. सासर हडपसरला होतं, तिथं ती परत कधीच गेली नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिची आई गुलजारबी म्हणे दार उघडून एवढंच बोलली, "आलीस? हात धू, जेवायला बस." दोन वर्षं कागद फिरले आणि ती रीतसर मोकळी झाली.

मग ती ब्लाऊज शिवायला लागली. भोरमध्ये ब्लाऊज शिवणाऱ्या पैशाला पासरी, पण वेळेवर देणारी ही एकटीच. दुकानात मशीनशेजारी तिच्या वडिलांचा कीबोर्ड असायचा. जलालचाचा भोरच्या बँडमध्ये होते. आमच्यासारख्या डीजेवाल्यांनी तो बँड बंद पाडला, हे मी काही अभिमानानं सांगत नाही, पण खरं आहे. चाचा गेले, कीबोर्ड राहिला. काज-बटणांचं काम दुसऱ्या बाईकडं पाठवलं की नुजहत तो वाजवत बसायची.

सुलक्षणा तिथं आली ती ब्लाऊज घट्ट झाला म्हणून भांडायला. ही गुंजवणे गावची, अंगणवाडीत मदतनीस. आवाज असा की धरणाच्या पलीकडच्या म्हशी मागं वळून बघतील. भांडण संपेपर्यंत नुजहतला कळलं की ही बाई ओरडते तीसुद्धा सुरात. ब्लाऊज उसवून दिला आणि गाणार का म्हणून विचारलं. अशी ही जोडी जमली. एक वाजवणारी, एक गाणारी, आणि दोघींमध्ये मिळून ऐकून घेणारी एकही नाही.

तीन वर्षं त्या हळदी-बारशांना जायच्या. मी टेम्पो आणि स्पीकर द्यायचो. गेल्या वर्षी दोघींच्या डोक्यात अल्बम काढायचं खूळ शिरलं. आता अल्बम म्हणजे पेनड्राईव्ह, आणि यूट्यूबवर टाकायचा. पण फोटो हवा, नाव हवं, थाट सगळा जुनाच. नाव ठेवलं 'नाचा गं बायांनो'. आठ गाणी, पाच रिमिक्स आणि तीन नवीन. रिमिक्ससाठी घेतली हळदीची, जात्यावरची, भात लावतानाची जुनी गाणी. ती पारंपरिक, म्हणजे ज्यांच्या मालकिणी भांडायला येणार नाहीत अशी. निदान आमचा तसा समज होता.

नवीन तिन्हींपैकी दोन बरी होती. तिसरं मात्र नुजहतचं होतं. शब्द तिचे, चाल तिची आणि गोष्टही तिचीच.

*थांबीव गाडी, डायवरदादा, मला उतरू दे फाट्यावर,*
*तिकीट ऱ्हाऊ दे स्वारगेटचं, मन न्हाई माझं वाटंवर.*

पुढच्या कडव्यात बाई पिशवीत दोनच साड्या घेऊन उतरते, मोबाईल बंद करते, आणि सासू दारात वाट बघत बसते, 'त्याचाच मला आनंद गं'. खाली कीबोर्डवर अशी धमाल चाल की माझ्यासारख्या ओंडक्याचेही पाय हलायला लागले. चौदा वर्षांपूर्वी ती ज्यावर बसली होती, तो स्पीकरचा खोका मी कधीच भंगारात घातला होता, त्याचं त्या दिवशी वाईट वाटलं.

नुजहत म्हणाली, "गोरखभाऊ, बाकीची सात गाणी कुणाची का असेनात. हे नाचताना बायांनी एकदा म्हणावं, हे नुजहतचं गाणं. बास."

भाटघरला एका हळदीत ते पहिल्यांदा वाजवलं. सुलक्षणानं माईकवर ठणकावून सांगितलं, "आता ऐका आमचं नवीन गाणं!" झालं. नवीन गाणं म्हटलं की बायकांना तहान लागते, पोरं आठवतात, नवरीची आत्या कुठं गेली याची चौकशी सुरू होते. पुढं उरल्या दोन पोरी आणि एक कुत्रं. नुजहतनं शेवटपर्यंत वाजवलं. मग टेम्पोत सामान भरताना तिनं कीबोर्ड चादरीत गुंडाळून पार मागं, स्पीकरांच्या खाली सारला.

आणि इथं मी तोंड उघडलं. "नवीन कशाला सांगता? रिमिक्स म्हणा. गुंजवण्याच्या बाजूला भात लावताना म्हणायचं जुनं गाणं, त्याचं रिमिक्स. मग बघा."

"भात लावताना डायवरदादा?" सुलक्षणानं विचारलं.

"कोण बघतंय?"

कुणीही बघितलं नाही. पुढच्या हळदीत सुलक्षणानं 'आपल्या आज्यांचं जुनं गाणं' म्हटलं मात्र, बायका पदर खोचून उठल्या. तीनदा वाजवावं लागलं. एक बाई धापा टाकत मला सांगायला आली, "हे आमची आई म्हणायची, व्हय." मी विचारलं, मोबाईलचं कडवंसुद्धा? ती म्हणाली, "ते तर पहिल्यापास्नं हाय." आता यावर काय बोलणार? लोकांना आपल्या आजीचं काही ठाऊक नसतं, पण अभिमान मात्र दांडगा असतो.

अल्बम निघाला तेव्हा त्यात सहा रिमिक्स आणि दोन नवीन होती. फाट्याच्या गाण्यापुढं लिहिलं होतं, 'पारंपरिक'. ते लिहिताना नुजहतनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, नाचतायत ना बाया, मग? ती म्हणाली, "नाचतायत खऱ्या." आणि मशीनवर जाऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता, ते मला दिसलं. पण माझ्या स्पीकरला त्या महिन्यात सुपाऱ्या जोरात होत्या, आणि धंदा चालला की माणसाला कमी दिसतं.

गाणं खोऱ्यात पसरलं. वेल्ह्यापर्यंत गेलं. मग वेल्ह्यात बचत गटांचा मेळावा ठरला आणि त्यात स्पर्धा, 'आपली पारंपरिक गाणी'. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. सुलक्षणा म्हणाली, जाऊ या, कुकर आपलाच. आपण लिहिलेलं गाणं पारंपरिक म्हणून स्पर्धेत गायचं, यात काही गैर आहे हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. इतक्या दिवसांत आम्हालाच ते जुनं वाटायला लागलं होतं.

सकाळी अकराला मांडव गच्च भरला. परीक्षक एक निवृत्त गुरुजी, चष्मा नाकावर आणि नाक वर. दोघींनी गाणं झकास म्हटलं. टाळ्या पडल्या. तीन-चार गट झाल्यावर साळूबाई उठल्या. वय पंचाहत्तरच्या पुढं, पाठीत वाक, पण माईक हातात घेतला तो सरपंचासारखा. आणि टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू केलं,

*थांबीव गाडी, गाडीवानदादा, मला उतरू दे वढ्यावर…*

नुजहतनं माझा दंड पकडला. चाल तीच. एसटीची बैलगाडी झाली होती, फाट्याचा ओढा झाला होता आणि स्वारगेट गायब. सुलक्षणा माझ्या कानात म्हणाली, "म्हातारी चोर हाय." मी म्हटलं, गप, चोर आपण आहोत. पण साळूबाई थांबल्या नाहीत. शेवटी त्यांनी एक कडवं म्हटलं, जे आमच्या गाण्यात नव्हतंच.

*थांबली गाडी, उतरली पोर, बाप आला गं आडवा,*
*दंडाला धरून गाडीत घातली, सासरीच तुझा पाडवा.*

मांडवातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायला लागल्या. गुरुजींनीही चष्मा पुसला. निकाल लागला. साळूबाईंना पहिलं बक्षीस. या दोघींना उत्तेजनार्थ स्टीलचा डबा. गुरुजी म्हणाले, "या भगिनींनी मूळ गाणं नीट ऐकलेलं दिसत नाही. डायव्हर काय, मोबाईल काय! आणि शेवटचं कडवं, ज्यात गाण्याचा प्राण आहे, तेच गाळलं. साळूबाईंकडून शिकून घ्या."

मला हसू आवरेना. खरंच सांगतो, मी खुर्चीत वाकून हसत होतो. मान वर केली तर नुजहत डबा टेबलावर ठेवून माईकपाशी उभी.

"हे गाणं जुनं न्हाई," ती म्हणाली. "म्या लिवलंय. आमी खोटं सांगितलं, कारण नव्या गाण्यावर तुमी कुणी नाचत न्हवता."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, आमच्या आज्यांचं गाणं तुझं कसं गं?"

"माझ्या नावाचं ऱ्हाऊ द्या," नुजहत म्हणाली. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. "कुकर बी ऱ्हाऊ द्या. पण आजी, तुमी तिला परत गाडीत का घातली? ती गेली न्हाई. ती बाई म्या हाय. म्या फाट्यावर उतरले आणि परत गेले न्हाई. येवढी एकच गोष्ट म्या माझ्या मनानं केली, ती तरी बदलू नका."

मी हसायचा थांबलो होतो. आता म्हातारी शिव्या घालणार असं मला वाटलं. साळूबाई कुकरचा खोका मांडीवरून बाजूला ठेवून उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझं गाणं म्या सुनंच्या मोबाईलवर ऐकलं," त्या म्हणाल्या. माईक चालूच होता. "ऐकलं आन् मला वाटलं, ही पोरगी माझंच सांगतीया. लगीन झालं त्या साली म्या वढ्यात गाडीतनं उतरले हुते. पाण्यात हुबी ऱ्हायले, जात न्हाई म्हनलं. माझ्या बानं मला दंडाला धरून परत गाडीत घातली. साठ वर्सं झाली, कुनाला सांगितलं न्हाई. सांगायला गाणंच न्हवतं, बाई." मग म्हणाल्या, "तू गेली न्हाईस, बरं केलंस. पर जी गेली, तिनं कुठल्या गाण्यात बसायचं?"

गुरुजी आपल्या कागदांत काहीतरी शोधत होते. नुजहत कीबोर्डपाशी जाऊन बसली. डोळे पुसले आणि म्हणाली, "आजी, ते कडवं परत म्हणा. मला पट्टी सापडाया पायजे."

साळूबाईंनी परत म्हटलं. नुजहतनं खाली तीच फाट्याची धमाल चाल धरली, जराही हळू केली नाही. मला वाटलं, बापानं पोरीला ओढून नेल्याच्या कडव्यावर नाचणार कोण? पण आधी म्हाताऱ्या उठल्या. मग बाकीच्या. साळूबाई मधोमध, वाकलेल्या पाठीनं हात वर करून नाचत होत्या. मी मागं उभा राहून रडत होतो आणि शेजारच्याला सांगत होतो, धूळ फार आहे.

परतताना आम्ही तिघं टेम्पोत पुढंच बसलो होतो. विंझर गाव मागं पडल्यावर नुजहत म्हणाली, "गोरखभाऊ, ते पारंपरिक लिवलंय ते पुसा."

"पुसतो. आणि गीत नुजहत, असं लिहितो. तुझी इच्छाच होती."

"दोघींची नावं लिवा. त्यांचं बी."

सुलक्षणा म्हणाली, "म्हातारी तापट हाय. माझं नाव दुसरं का, म्हणून भांडाया येईल बघ."

"आधी त्यांचंच लिवा," नुजहत म्हणाली. "त्या माझ्या आधी उतरल्या व्हत्या."